वीज अडविणारीं द्रव्यें



परभणी जिल्ह्यांत जिंतूरजवळ पूर्णा नदीवर येलदरीचें धरण आहे; तेथें पाण्याच्या जोरावर वीज निर्माण होते. वीज नेणाऱ्या तारा सर्वांच्या नजरेस पडतात. परंतु ती भलतीकडे जाऊं नये म्हणून ज्या दुर्वाहक द्रव्यांवर भिस्त असते, त्यांची आठवण क्वचितच होते. जुनीं विद्युन्मापकें जमविणाऱ्या हौशी मंडळींच्या बोलण्यांत मात्र तारेपेक्षां वेष्टनाचाच विषय अधिक असतो, आणि तें योग्यच आहे.

या द्रव्यांचा इतिहास मनोरंजक आहे. १८५१ सालीं इंग्लंड व फ्रान्स यांमध्यें समुद्रतळीं घातलेल्या तारेस मलायाकडील झाडांच्या चिकाचें, म्हणजे गटापर्चाचें, आवरण होतें. यंत्रांतील वेटोळ्यांस सूत किंवा रेशीम गुंडाळून वर लाखेचें रोगण देत. मराठवाड्यांत ज्याच्या पानांच्या पत्रावळी लावतात, त्या पळसावरच लाखेचे किडे पोसले जातात. या लाखेला पर्याय शोधतां शोधतांच बेकलंड यांस १९०७ सालीं बेकेलाइट साधलें.

परंतु हीं वेष्टनेंहि म्हातारीं होतात. पावसाळ्याची ओल सुतांत मुरते, रबर ठिसूळ होऊन तडकतें, आणि वरून कांहींच दिसत नाहीं. हा दोष ओळखण्यासाठीं हातानें फिरवावयाचा मेगर असतो. एव्हर्शेड आणि विन्योल्स या इंग्रजी कंपनीनें हें नांव १९०३ सालीं नोंदविलें. मूठ फिरवितांच आंतील जनित्र बहुधा ५०० व्होल्टचा दाब देतें. वेष्टन सशक्त असेल तर कांटा अनंताच्या खुणेकडे राहतो. वीज झिरपत असेल तर शून्याकडे घसरतो. लहान बॅटरीच्या मापकास हा दोष पुष्कळदां सांपडत नाहीं. कारण दाब वाढल्यावांचून तो प्रकटच होत नाहीं. ही परीक्षा मात्र यंत्र विजेपासून पूर्ण तोडूनच करावयाची असते.

भंगारांत सांपडलेलें जुनें यंत्र घांसूनपुसून लगेच घरच्या विजेस जोडण्याचा मोह अनेकांस होतो. तो जिवावर बेतूं शकतो. दुसरें भय याहून मूक आहे. आंतील पांढरट, तंतुमय पुठ्ठा ॲस्बेस्टॉसचा असूं शकतो. तो खरवडल्यास सूक्ष्म धूळ फुप्फुसांत शिरते, आणि तिच्यापासून होणारा रोग कित्येक दशकांनीं डोकें वर काढतो. कांहीं जुन्या धारित्रांतील तेलहि विषारी असतें. म्हणून द्रव्य ओळखल्यावांचून त्यास कानस लावूं नये, तें फोडूं नये व मुलांच्या हातीं देऊं नये. पितळेच्या झळाळीपूर्वीं वेष्टनाची प्रकृति पाहावी. जुन्या यंत्राची खरी कदर तेथूनच सुरू होते.