एकाच हापशीचं पाणी, वेगवेगळी शरीरं



पश्चिम बंगालमध्ये १९८३ साली डॉ. के. सी. साहा यांच्यासमोर अंगावर काळे डाग आणि तळहात-तळपाय खरबरीत झालेले रुग्ण आले. त्यांच्या आजाराचं मूळ कूपनलिकेच्या पाण्यातल्या आर्सेनिकमध्ये निघालं. आपल्या यवतमाळच्या खडकातलं दुखणं वेगळं आहे. पांढरकवडा, झरी-जामणी, मारेगाव या पट्ट्यात बोअरच्या पाण्यात फ्लोराईड येतं. मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसतात, पुढे सांधे आखडतात. तरी आर्सेनिकपासूनच सुरुवात करतो, कारण पाण्यातलं विष जनुकांपर्यंत कसं पोहोचतं, हे तिथे जास्त स्पष्ट कळलं आहे.

शरीर आर्सेनिकला मिथिल गट जोडून लघवीवाटे बाहेर टाकतं. हे काम करणारं विकर एएस३एमटी या जनुकावरून बनतं. एक गट जोडला गेला की तयार होणारं रूप मूळ आर्सेनिकपेक्षाही घातक ठरू शकतं. दुसरा जोडला की ते सहज बाहेर पडतं. काहींच्या शरीरात ही दुसरी पायरी झपाट्यानं होते, काहींच्यात रेंगाळते. पोषण कमी असलं, फोलेट कमी पडलं, तर आणखीच रेंगाळते. आणि जे आत राहतं, ते डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनांनाच अडवतं.

अर्जेंटिनातल्या सान अंतोनियो दे लोस कोब्रेस या डोंगरी गावात झपाट्याच्या पायरीचं जनुकरूप फार मोठ्या प्रमाणात आढळलं. २०१५ मध्ये संशोधकांनी ते नैसर्गिक निवडीचं फळ असल्याचं दाखवलं. ऐकायला छान वाटतं. पण निवड म्हणजे काय? ते रूप ज्यांच्यात नव्हतं, त्यांची लेकरं पिढ्यान्‌पिढ्या कमी जगली. आपल्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, अशी निवड होऊ द्यायची का?

फ्लोराईडही प्रत्येक शरीराला सारखं बाधत नाही. २००२ मध्ये उंदरांच्या वेगवेगळ्या जातींना सारखंच फ्लोराईड पाजलं, तेव्हा एका जातीचे दात पार बिघडले, दुसरीचे जवळजवळ शाबूत राहिले. चीनच्या हेनान प्रांतातल्या मुलांतही कोलॅजेनच्या एका जनुकाच्या रूपाशी दातांच्या आजाराचा संबंध दिसला. म्हणून एका घरात एका भावाचे दात डागळलेले आणि दुसऱ्याचे स्वच्छ दिसले, तर 'पाणी ठीकच आहे' असं कुणी म्हणू नये. प्रमाण ठरवायचं ते सर्वांत नाजूक शरीर धरूनच. भारतीय मानकात फ्लोराईडची इष्ट मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर १.५.

पाणी खडकात जितकं जास्त काळ राहतं, तितकं फ्लोराईड विरघळतं. त्यातलं कॅल्शियम कमी झालं की ते आणखी वाढतं. म्हणून खोल बोअरपेक्षा उथळ विहिरीत ते बहुधा कमी सापडतं. एकाच गावातल्या दोन बोअरांत फरक असतो, तेव्हा गावाचा एक नमुना पुरत नाही. उकळून फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटल्यावर घट्ट होतं. नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेनं विकसित केलेली तुरटी-चुन्याची नालगोंडा पद्धत आहे, पण ती रोज न चुकता राबवावी लागते.

चिलीतल्या अँतोफागास्ता शहरात १९५८ ते १९७० दरम्यान आर्सेनिकचं पाणी पुरवलं गेलं. ते गर्भात किंवा बालपणी ज्यांच्या वाट्याला आलं, त्यांच्यात तरुण वयात फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू कितीतरी पटींनी वाढलेले दिसले. शुद्धीकरण सुरू होऊन तेव्हा दशकं उलटली होती. आपल्याकडच्या फ्लोराईडचाही घाव बालपणीच बसतो: बहुतेक कायमच्या दातांचं आवरण आठव्या वर्षापर्यंत घडतं, आणि एकदा बिघडलं की परत येत नाही. म्हणून तपासणीचा पहिला नमुना अंगणवाडी, शाळा आणि गरोदर बाई राहते त्या घराच्या बोअरचा घ्या.