मानेचा नमस्कार

(मंडळाच्या मदतनिधी संध्याकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर. त्या दिवशी जमलेला निधी हॉस्पिटलांमध्ये रात्री-अपरात्री रक्त पोचवणाऱ्या स्वयंसेवक मोटरसायकलस्वारांना देण्यात आला.)



अध्यक्षांनी माझी ओळख 'आपल्या मंडळातल्या बुलेटवाल्या ताई' अशी करून दिली. त्यात दोन दुरुस्त्या. माझी गाडी बुलेट नाही, होंडाची साधी पाचशे सीसीची आहे. आणि ताई म्हटल्याबद्दल आभार, कारण या हॉलमधली निम्मी जनता मला काकू म्हणते. मला दहा मिनिटं दिलेली आहेत. मागे बटाटेवडे तळायला सुरुवात झाली आहे, त्याचा वास तुमच्यासारखाच मलाही येतोय. तेव्हा दहाची अकरा होणार नाहीत.

विषय अगदी लहान आहे. इथल्या रस्त्यावर दोन मोटरसायकलवाले समोरासमोरून गेले की एकमेकांना मान हलवून नमस्कार करतात, त्याविषयी. तुम्ही गाडीत बसून कधी पाहिलं असेल, नसेलही. अर्ध्या सेकंदाचं काम असतं. हेल्मेट जरासं एका बाजूला झुकतं आणि परत सरळ होतं. बस.

हात का नाही करत? तर उजवा हात ॲक्सिलरेटरवर आणि पुढच्या ब्रेकवर असतो, तो सोडणं धोक्याचं. डावा हात जरा मोकळा असतो, पण आपण इथे डावीकडून चालवतो, म्हणजे समोरचा माणूस आपल्या उजव्या अंगाने जातो. डावा हात त्याला दिसणार कसा? म्हणून मान. अमेरिकेत उजवीकडून चालवतात, त्यामुळे तिथे डावा हात बरोबर समोरच्याच्या बाजूला येतो. ते लोक तो हात खाली सोडून दोन बोटं रस्त्याकडे दाखवतात. हार्ले आणि डेव्हिडसन हे दोघे १९०४ साली रस्त्यात एकमेकांना भेटले आणि त्यांनी हात केला, तेव्हापासून ही पद्धत पडली, अशी एक गोष्ट मोटरसायकलवाले रंगवून सांगतात. पुरावा मात्र कोणी दाखवत नाही. आपल्याकडच्या पुष्कळ आख्यायिकांसारखंच ते आहे, छान आहे म्हणून टिकलं आहे.

आभार मानायची तऱ्हा तर आणखी मजेची. मोटारवाल्याने बाजूला होऊन वाट दिली, की पुढे जाताना मोटरसायकलवाला आपला डावा पाय बाहेर काढून हलवतो. हातांना काम असतं ना! फ्रान्समध्ये उजवा पाय. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हादरलेच. आपल्याकडे पाय लागला तर आपण हात लावून नमस्कार करतो आणि इथे आभार म्हणून लाथ दाखवतात! अजूनही पाय काढताना माझ्या मनातल्या मनात 'माफ करा' येतंच.

आता माझी कहाणी. मी मूळची पुण्याची, म्हणजे दुचाकी माझ्या रक्तातच. कॉलेजात असताना कायनेटिक होंडा चालवली, तोंडाला स्कार्फ बांधून. पुण्यात कोणी कोणाला मान हलवून नमस्कार करत नाही. मान हलवली तर 'काय बघतोस?' असं ऐकून घ्यावं लागेल. पण एक गोष्ट होती, आठवते का? साईड स्टँड वर करायला विसरलात, तर चौकाचौकात अनोळखी माणसं ओरडायची, 'ओ ताई, स्टँड! स्टँड!' दिवसा दिवा चालू राहिला की समोरचा मूठ उघडून-मिटून दाखवायचा. २०१७ पासून भारतात नव्या दुचाक्यांचा दिवा कायम चालूच असतो, त्यामुळे ती मूठ बिचारी बेकार झाली. स्टँड मात्र अजून आहे. आणि एसटीचे ड्रायव्हर! समोरून दुसरी एसटी आली की हात वर. लहानपणी गावाला जाताना मला वाटायचं, आमचे ड्रायव्हरकाका जगातल्या सगळ्यांना ओळखतात.

इथे आल्यावर वीस वर्षं मोटारच चालवली. मुलगी युनिव्हर्सिटीत गेली, घर रिकामं झालं आणि मी मोटरसायकल शिकायचं ठरवलं. घरात काय झालं ते सांगत नाही, यजमान समोरच बसले आहेत. आधी एक दिवसाचं सक्तीचं प्रशिक्षण, मग लाल 'एल'ची पाटी लावून १२५ सीसीची गाडी. ते सगळे महिने मी रोज रस्त्यावर होते, पण मला जवळजवळ कोणीच मान हलवली नाही. मला तेव्हा तशी पद्धत आहे हेसुद्धा माहीत नव्हतं.

मग परीक्षा पास झाले, मोठी गाडी घेतली आणि एका रविवारी ए-६५ रस्त्याने कर्कबी लॉन्सडेलला निघाले. तिथे डेव्हिल्स ब्रिज नावाचा जुना दगडी पूल आहे, रविवारी तिथे मोटरसायकलवाल्यांची जत्रा भरते. वाटेत समोरून एक जण आला आणि त्याने मान हलवली. मला वाटलं, ओळखीचा दिसतोय. मंडळातला आहे का? मग दुसऱ्याने हलवली, तिसऱ्याने हलवली. चौथ्याच्या वेळी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुलापाशी पोचेपर्यंत माझी मान दुखायला लागली होती.

मंडळी, हसू नका, पण त्या दिवशी हेल्मेटच्या आत माझ्या डोळ्यांत पाणी आलं. या देशात इतकी वर्षं काढली. ऑफिसात, शाळेच्या दारात, शेजारीपाजारी, सगळीकडे आधी माझा चेहरा पोचतो, मग माझं नाव, मग 'मूळची कुठली?' हा प्रश्न आणि शेवटी मी. त्या रस्त्यावर चेहरा नव्हता, नाव नव्हतं, बाई आहे का बुवा आहे तेही दिसत नव्हतं. फक्त दोन चाकांवरचं एक माणूस. पुलापाशी हेल्मेट काढताना मात्र छातीत धडधडलं. आता काय म्हणतील? शेजारच्या आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, मागच्या टायरमध्ये हवा कमी वाटते. संपलं! तो चहा मला फार गोड लागला.

इथल्या मोटरसायकलवाल्यांमध्ये एक कडवट विनोद आहे. अपघात करणारा मोटारवाला काच खाली करून नेहमी एकच वाक्य म्हणतो, 'सॉरी, दिसला नाहीत.' त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचा यांनी 'स्मिड्सी' असा शब्दच करून टाकला आहे. माझ्या मते त्या मानेचा अर्थ इथे आहे. आपल्याभोवती ना पत्रा, ना एअरबॅग. ज्याला सगळ्यात मोठी भीती 'न दिसण्याची' आहे, त्याला समोरचा सांगतो, 'दिसलास रे बाबा.'

आता जी गोष्ट सांगायची आहे, ती सांगायला मला जरा लाज वाटते.

नोव्हेंबरातली संध्याकाळ होती. पाऊस, अंधार, रस्त्यावर ओल्या पानांचा चिखल. ऑफिसातून घरी येत होते. एका राउंडअबाउटवर १२५ सीसीची गाडी आडवी पडलेली दिसली. मागे जेवण पोचवायची चौकोनी पेटी, एल पाटी. पोरगा उभा होता आणि गाडी उचलायची खटपट करत होता. मी मनात म्हटलं, 'उभा आहे ना, म्हणजे ठीक असेल.' आणि निघून गेले.

मोठी गाडी पडलेली असती तर मी थांबले असते. हे मला पुढच्या सिग्नलला कळलं. ज्या एल पाटीला माझ्या वेळी कोणी मान हलवली नव्हती, तिच्याकडे मीही आता तसंच पाहायला लागले होते. वळायला जागा मिळेपर्यंत आणखी वेळ गेला. परत पोचायला मला दहा मिनिटं लागली असतील.

तोपर्यंत तिथे एक दाढीवाला गोरा गृहस्थ आपली जुनी मोठी गाडी आडवी लावून थांबला होता. त्याने पोराची गाडी उचलून फुटपाथवर घेतली होती, मागून येणाऱ्या मोटारींना दिवा दाखवत होता. मी उतरले. त्याने पोराचं मनगट जरासं हलवून पाहिलं आणि हेल्मेटच्या आतून आवाज आला, 'आई गं!'

त्या गृहस्थाने मला विचारलं, काय म्हणाला तो? मी म्हटलं, आईला हाक मारतोय.

पोरगा बार्शीचा. एमएस्सी संपलेलं, मनासारखी नोकरी मिळेपर्यंत हे काम. आधी मला मॅडम म्हणाला, मी मराठीत बोलल्यावर काकू. पहिलं वाक्य काय असावं? 'काकू, घरी कळवू नका.' दुसरं, 'ऑर्डर गार झाली असेल.' मनगट मोडलं होतं.

इमर्जन्सीत पाच तास बसलो. मी त्याला विचारलं, मंडळात का येत नाहीस रे? तो म्हणाला, 'आलो होतो ना काकू, गणपतीला. प्रसाद घेतला, एका कोपऱ्यात उभा राहिलो आणि गेलो. सगळे एकमेकांच्या ओळखीचे होते.' मंडळी, त्या गणपतीला स्वागताच्या टेबलावर मी होते. मला तो आठवत नाही. 'सॉरी, दिसला नाहीस,' एवढंच माझ्याकडे होतं.

रात्री एकच्या सुमाराला दारातून एक बाई आत आल्या. अंगावर चमकणारं पिवळं जाकीट, पावसाने निथळत होत्या, हातात पेटी, तिच्यावर 'रक्त' लिहिलेलं. काउंटरवर पेटी दिली, सही घेतली. बाहेर जाताना माझ्या मांडीवरचं हेल्मेट त्यांना दिसलं आणि त्यांनी मान हलवली.

आज आपण जमलो आहोत ते या लोकांसाठी. यांना ब्लड बाईक म्हणतात. रात्री, शनिवार-रविवारी, सुट्टीच्या दिवशी ही मंडळी रक्त, प्लाझ्मा, तपासणीचे नमुने, इतकंच काय, अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी दान केलेलं आईचं दूध एका हॉस्पिटलातून दुसऱ्या हॉस्पिटलात पोचवतात. पगार नाही. एनएचएसला एक पेनी लावत नाहीत. देशभरच्या अशा गटांची राष्ट्रीय संघटना २००८ पासून आहे. गाड्या, पेट्रोल, टायर सगळं देणग्यांवर चालतं. आणि मोटरसायकल नाही म्हणून सुटका नाही हं! रात्री फोन घेऊन कोणाला कुठे पाठवायचं ते ठरवायलाही त्यांना माणसं लागतात. आपल्यातल्या रात्री दोनला भारतात फोन लावणाऱ्यांना हे सहज जमेल.

तर टेबलावर डबा ठेवला आहे, त्यात हात सैल सोडा. पण माझं मागणं एवढ्यावर संपत नाही, ते काम चेक लिहून भागणारं नाही.

आपण परदेशातली मराठी माणसं. सुपरमार्केटात कोथिंबिरीपाशी समोरचा मराठीत बोलताना ऐकू आला, की आपण एकदम भावाच्या पाटीत रस गोळा करतो. खोटं सांगते का? ओळख काढली तर गळ्यात पडेल, नोकरी मागेल, घरी येईल. येऊ दे की! वारीत माणूस समोरच्या वारकऱ्याच्या पाया पडताना त्याचं गाव विचारत नाही, 'माउली' म्हणतो आणि वाकतो. आपल्याला वाकायचंही नाही, नुसती मान हलवायची आहे. आणि मान हलवली की ते वचन झालं, समोरचा पडला तर थांबायचं. न थांबता हलवलेल्या मानेला काही किंमत नाही, हे मी त्या दहा मिनिटांत शिकले.

पोराचं मनगट जुळलं. तो आज इथे आहे. कोण ते सांगणार नाही, कारण घरी अजून कळवलेलं नाही. पण मागे दाराजवळ, कोपऱ्यात, सात-आठ मुलंमुली अशी उभी आहेत ज्यांना आपल्यातलं कोणी ओळखत नाही. वड्यांच्या रांगेत तुमच्या पुढे-मागे तीच असतील.

दहा मिनिटं झाली. चला, वडे गार होतील.