ओळखपत्र खिशात, पण नाव यादीत आहे का?

(मंडळाच्या सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



हा विषय निघाला तेव्हा कार्यकारिणीत सरळ दोन तट पडले. एकांचे म्हणणे, मतदानाला ओळखपत्राची सक्ती अजून कडक हवी, बोगस मतदान थांबलेच पाहिजे. दुसऱ्यांचे म्हणणे, सक्ती जितकी कडक तितका म्हातारा आणि गरीब माणूस बाहेर. बोलता बोलता आवाज चढले, चहा गार झाला, आणि शेवटी 'तुम्ही बँकेतले, रोज कागद तपासता, तुम्हीच बोला' म्हणून हे काम आमच्या गळ्यात पडले. आम्ही कॉमर्सचे पदवीधर, वकील नव्हे. पण काउंटरवर बसून एवढे कळते की माणूस, त्याचा कागद आणि त्याचे नाव या तीन गोष्टी एकमेकींशी जुळतातच असे नाही.

आधी ओळखपत्राचे बघू. फोटो असलेले मतदार ओळखपत्र आले ते १९९३ साली, टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना. 'कार्डे नाहीत तर निवडणुका नाहीत' अशी धमकीच त्यांनी राज्यांना दिली होती. त्या वेळी पुष्कळांना तो हट्ट वाटला. आम्हाला विचाराल तर तो हट्ट योग्य होता. दुसऱ्याच्या नावावर मत टाकून येणारे वीर प्रत्येक पेठेत असत आणि लोक त्यांचे किस्से हसून सांगत.

पण इथेच एक गैरसमज मुळाशी बसला आहे. कार्ड म्हणजे मत नव्हे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे ६२ वे कलम सांगते की ज्याचे नाव त्या मतदारसंघाच्या यादीत आहे त्यालाच मत आहे. यादीत नाव नसेल तर कार्ड गळ्यात बांधून गेलात तरी उपयोग नाही. उलट नाव यादीत असेल आणि कार्ड हरवले असेल, तर २०२४ च्या लोकसभेला आयोगाने दुसरी १२ कागदपत्रे मान्य केली होती. आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, रोजगार हमीचे जॉबकार्ड, पेन्शनचा फोटोवाला कागद, आणि हो, बँकेचे किंवा टपाल खात्याचे फोटो असलेले पासबुक. ७ मे २०२४ ला धारवाड मतदारसंघात मतदान झाले. अशा दिवसांच्या आधी पासबुकावर फोटो चिकटवून शिक्का मारून द्या म्हणणारी मंडळी काउंटरवर येतात. आम्ही प्रत्येकाला एकच विचारतो, यादी पाहिली का? बहुतेक जण म्हणतात, कार्ड आहे ना!

तुमच्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेला असेल तर? घरी परत फिरू नका. केंद्राध्यक्षाच्या प्रश्नांना नीट उत्तरे दिलीत तर नियम ४९-पी प्रमाणे तुम्हाला वेगळी मतपत्रिका मिळते. ती वेगळ्या लिफाफ्यात जाते आणि एरवी मोजली जात नाही, पण निकाल कोर्टात गेला तर तिला किंमत येते. आणि समोरचा माणूस तोतया आहे असे उमेदवाराच्या पोलिंग एजंटला वाटले तर त्याने दोन रुपये भरून हरकत घ्यायची असते. दोन रुपये! आजकाल पेढ्याचा तुकडाही तेवढ्यात मिळत नाही. तरी आपली किती मुले एजंट म्हणून बसतात आणि त्यातल्या कितींना हा नियम माहीत आहे?

आता यादीकडे येऊ, कारण खरे दुखणे तिथे आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीत येऊ शकली नाहीत. त्यांनी स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' असे सांगितले होते आणि सुकुमार सेन यांच्या आयोगाने ते घेतले नाही. हे उत्तर भारताचे, आपले नव्हे, असे म्हणून हात झटकू नका. आपल्या घरात काय होते? मुलीचे शाळेच्या दाखल्यावर एक नाव. लग्नात ताटातल्या तांदळावर दुसरे नाव लिहिले जाते. मधले नाव वडिलांचे जाऊन नवऱ्याचे येते, आडनावही बदलते. म्हणजे पंचविसाव्या वर्षी कागदावरची बाई संपूर्ण नवी! त्यातच आपली यादी कन्नडमध्ये, आधार कन्नड-इंग्रजीत, आणि सासूबाईंचा दाखला मराठी शाळेचा. घोरपड्यांचे गोरपडे होतात, भोसल्यांचे बोसले होतात. लिहिणाऱ्याचा त्यात द्वेष नसतो, त्याच्या कानाला तसे ऐकू येते. पण कागद जुळवायला बसलेल्या माणसाला कानाची सबब चालत नाही.

आणि कागद जुळवण्याचे दिवस आलेले आहेत. बिहारमध्ये २४ जून २०२५ ला विशेष सखोल पुनरीक्षण जाहीर झाले. तेव्हा यादीत ७ कोटी ८९ लाख नावे होती. १ ऑगस्टच्या मसुद्यात ती ७ कोटी २४ लाख झाली, म्हणजे ६५ लाख नावे गेली. त्यात मेलेले होते, गाव सोडून गेलेले होते, दोनदा नोंदलेले होते, हे खरे. पण कोणाचे नाव का गेले ही यादी कारणांसह लोकांपुढे ठेवा, असे सर्वोच्च न्यायालयाला १४ ऑगस्टला सांगावे लागले. सुरुवातीच्या ११ कागदांत आधार नव्हते, रेशनकार्ड नव्हते, आणि आयोगाने स्वतः दिलेले मतदार ओळखपत्रही नव्हते! ८ सप्टेंबरला न्यायालयाने आधार हा बारावा कागद धरायला लावला, तोही ओळखीपुरता, नागरिकत्वाचा पुरावा म्हणून नव्हे. अंतिम यादी ७ कोटी ४२ लाखांची झाली. दुसरा टप्पा २७ ऑक्टोबर २०२५ ला जाहीर झाला, त्या १२ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत आपला शेजारी गोवा होता, कर्नाटक नव्हते. घरचे कागद काढून बघायला मात्र कुठल्याही टप्प्याची वाट पाहायचे कारण नाही.

बिहारचा नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ज्यांचे नाव २००३ च्या यादीत होते त्यांना तो उतारा पुरला. बाकीच्यांत १ जुलै १९८७ च्या आधी जन्मलेल्यांना स्वतःचा कागद, त्यानंतर २ डिसेंबर २००४ पर्यंत जन्मलेल्यांना स्वतःचा आणि आई-वडिलांपैकी एकाचा, त्यापुढच्यांना दोघांचाही. इतर बहुतेक राज्यांत जुनी सखोल यादी २००२ ते २००४ च्या दरम्यानची आहे. आपण म्हणतो, आमचे घराणे पेशवाईपासून इथे आहे. असेल. पण ते दाखवणार कशाने? मोडीतला दस्त ट्रंकेत आहे, तो वाचणारा घरात नाही. आजोबांचा दाखला मुंबई राज्याचा आहे, कारण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत धारवाड जिल्हा मुंबईत होता. जुन्या माणसांना आपण जुने आहोत हे इतके ठाऊक असते की ते लिहून ठेवावे असे कोणाला वाटतच नाही. त्या ११ कागदांत १ जुलै १९८७ पूर्वी बँक, टपाल खाते किंवा आयुर्विमा महामंडळाने दिलेला कागदही होता. तेव्हा वडिलांचे जुने पासबुक रद्दीत घालू नका, ही बँकेतल्या माणसाची विनंती.

आता दुसऱ्या बाजूचेही न्यायाने सांगितले पाहिजे. यादीत घाण असते, आणि ती घाण दोन्ही अंगांनी होते. आपल्याच राज्यात, कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद मतदारसंघात, २०२३ च्या विधानसभेआधी नावे काढण्यासाठी ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले. तपासले तेव्हा त्यातले फक्त २४ खरे निघाले. बाकीच्या ५,९९४ मतदारांना कोणीतरी आपले नाव पुसायला निघाला आहे याचा पत्ताही नव्हता. तिथे अर्ज तपासले गेले म्हणून नावे राहिली. आळंदच्या मतदाराकडे बारा ओळखपत्रे असती तरी त्यांनी त्याला वाचवले नसते.

म्हणून कार्यकारिणीतल्या दोन्ही तटांना आमचे सांगणे असे. केंद्रावर ओळख विचारा, जरूर विचारा. पण यादीतून नाव काढताना ओझे काढणाऱ्यावर हवे. बँकेत काय होते पाहा. खात्याला दहा वर्षे कोणी हात लावला नाही तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, तरी खातेदार किंवा वारस कागद घेऊन आला की ते परत मिळतात. मताचे तसे नाही. मतदानाच्या दिवशी गेलेले मत व्याजासकट सोडा, मुद्दलासुद्धा परत मिळत नाही. मग पैशाला जी नोटीस, जी मुदत, ती मताला कमी का?

हा वाद आपल्यापुरता नाही. इंग्लंडमध्ये मे २०२३ च्या स्थानिक निवडणुकांत प्रथमच फोटो ओळखपत्र मागितले, आणि सुमारे १४,००० माणसे केंद्रावरून मत न देता परतली. तिथे म्हाताऱ्यांचा बसचा पास चालला, पोरांचा चालला नाही. जुलै २०२५ मध्ये तिथल्या सरकारने बँकेचे कार्डही धरावे असा प्रस्ताव मांडला. त्या कार्डावर फोटो नसतो, हे वाचून आम्हाला हसू आले.

यादीत नाव आले, मत पडले. पण सगळ्यांच्या मताचे वजन सारखे आहे का? २०११ च्या शिरगणतीने गोव्यात सव्वासात लाख माणसांमागे एक खासदार, कर्नाटकात सुमारे बावीस लाखांमागे एक, राजस्थानात सव्वासत्तावीस लाखांच्याही वर. मडगावला दिलेल्या आपल्या मुलीचे मत इथल्या भावाच्या मताच्या तिप्पट वजनाचे! भाऊबीजेला ओवाळणी कोणी द्यायची हा प्रश्नच आहे. लहान राज्याला किमान वाटा हवा हे मान्य. पण १९७६ च्या दुरुस्तीने जागा १९७१ च्या गणतीवर गोठल्या आणि २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीने ते गोठणे २०२६ नंतरच्या पहिल्या शिरगणतीपर्यंत लांबवले, त्यामुळे ही तफावत वाढत गेली. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन केले त्यांच्या जागा कमी व्हाव्यात हेही आम्हाला पटत नाही. इथे सोपे उत्तर कोणाकडे असेल तर त्यांनी पुढच्या बैठकीत जरूर बोलावे.

मराठी माणसाचे गणित आणखी वेगळे. राज्यात मराठी मातृभाषेचे लोक तीन टक्क्यांहून थोडे अधिक. २२४ आमदारांत त्या हिशोबाने सात यायला हवेत. पण आपण विखुरलेले, आणि सीमा आखणारी पेन्सिल दुसऱ्याच्या हातात. २००८ च्या पुनर्रचनेत बेळगावकडचे उचगाव आणि बागेवाडी हे मतदारसंघ नकाशावरून गेले. उचगाव हा महाराष्ट्र एकीकरण समितीचा जुना बालेकिल्ला. त्या वर्षी समितीचा एकही आमदार आला नाही. २०१३ ला दोन आले, २०१८ आणि २०२३ ला पुन्हा शून्य. सगळा दोष पेन्सिलीला देऊ नका, एकाच जागी समितीचेच दोन-दोन उमेदवार उभे राहिले हेही लोकांनी पाहिले आहे. खानापूर तालुका बेळगाव जिल्ह्यात, पण खासदार त्याला उत्तर कन्नडचा. तिथल्या माणसाने गाऱ्हाणे घेऊन कारवारकडे बघायचे की बेळगावकडे?

आपल्या हुबळी-धारवाडमध्ये महापालिकेचे प्रभाग ६७ होते, सप्टेंबर २०२१ च्या निवडणुकीत ते ८२ झाले. म्हणजे जुन्या गणतीने चौदा हजारांमागे एक नगरसेवक होता, तो साडेअकरा हजारांमागे आला. हे चांगलेच. पण प्रभाग बदलला की केंद्र बदलते, आणि एकाच वाड्यातले दोन भाऊ दोन प्रभागांत जातात. जानेवारी २०२५ मध्ये धारवाडला वेगळी महापालिका देण्यास मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आहे, तेव्हा रेषा पुन्हा पुसल्या आणि ओढल्या जाणार हे धरून चाला.

एक विषमता तर आमच्या स्वतःच्याच फायद्याची आहे, तरी सांगतो. विधान परिषदेच्या ७५ जागांत सात पदवीधरांच्या, सात शिक्षकांच्या. आम्ही बी.कॉम. म्हणून पश्चिम पदवीधर मतदारसंघात आम्हाला जादा मत. आमच्या मोठ्या भावाने दुकान सांभाळले म्हणून आम्ही शिकलो, त्याला ते मत नाही. आणि हायस्कूलचा पदवीधर शिक्षक असेल तर त्याला दोन्हीकडे. ही रचना आम्हाला पटत नाही, शिकलेल्याचे पोट दोनदा भरायचे हा कुठला न्याय? पण आहे तोवर सोडायचीही नाही. ती यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने होते, जुने नाव आपोआप पुढे येत नाही. २०२० मध्ये निवडून आलेल्या सभासदाची सहा वर्षे २०२६ मध्ये पुरी होतात. त्यासाठी १८ नंबरचा फॉर्म लागतो.

बाकीचे फॉर्म असे. नवे नाव ६, नाव काढणे किंवा हरकत ७, पत्ता, चूक, नवे कार्ड हे सगळे ८. अठरा पूर्ण होण्याच्या तारखा आता वर्षात चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सुनेचे नाव माहेरच्या यादीतून इकडे आणायचे तर ८ भरा, नवा ६ भरू नका, नाहीतर दोन ठिकाणी नाव राहून तीच दुबार ठरते. मंडळाच्या खोलीत रविवारी सकाळी दहापासून याद्या वाचायला ठेवू. कन्नड वाचता येणारी कॉलेजची दोन-तीन मुले हवीत, आणि मोडी वाचणारे एखादे आजोबा अजून असतील तर त्यांना रिक्षाने आणायची सोय आम्ही करू. येताना घरातल्या सगळ्या बायकांची लग्नाआधीची आणि नंतरची अशी दोन्ही नावे कागदावर लिहून आणा.