चंद्राचा हिशेब
अद्भुत कादंबरी म्हणजे मनाला येईल ते लिहायचं, असा आपला समज. जे. आर. आर. टॉल्किन यांचा अनुभव निराळा होता. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ त्यांनी १९३७च्या डिसेंबरात लिहायला घेतली. हातावेगळी व्हायला १९४९ उजाडलं. ऑक्सफर्डमधली प्राध्यापकी सांभाळून, युद्धकाळातल्या कागदटंचाईत, पाठकोऱ्या उत्तरपत्रिकांवरही मजकूर उतरला.

कथेतली मंडळी पांगली आणि खरी कसोटी लागली. एकाच वेळी इकडे चंद्र उगवतोय अन् तिकडे तोच मावळतोय! १९४४ साली हा घोळ लक्षात आल्यावर त्यांनी प्रकरणांची डागडुजी केली. आपले पंचांगकर्तेही खूश झाले असते. नकाशा तर आधीच काढलेला. मुक्काम त्याच्या अंतरांनुसार ठरत.

आणि मोबदला? प्रकाशकाला तोटाच दिसत होता. म्हणून खर्च वसूल झाल्यावर नफ्यात निम्मा वाटा, असा करार झाला. १९५४-५५मध्ये तीन खंड निघाले, आणि तोच करार लेखकाला भलताच लाभला. शिवाय वाचक पत्रांतून वंशावळ्या, लिप्या, व्याकरण विचारू लागले. टॉल्किन हौसेनं लांबलचक उत्तरं लिहीत. याच कल्पित जगाच्या पुराणकथांचं ‘द सिल्मरिलियन’ हे पुस्तक मात्र रेंगाळलं. ते त्यांच्या निधनानंतर, १९७७मध्ये, मुलानं संपादून छापलं.