कुंडलिका : दोन घरच्या पाण्याची नदी

कोकणच्या नद्या लांबीला आखूड, पावसाळ्यात दांडग्या आणि उन्हाळ्यात कोरड्या, असे आपण शाळेत शिकतो आणि पुढे शिकवतोही. ते बहुतांशी खरे आहे. पण ऐन वैशाखात कोलाडच्या पुलावरून एखाद्या चौकस मुलाने खाली वाहणारे पाणी दाखवले आणि विचारले, “गुरुजी, ही का आटली नाही?” तर काय सांगाल? त्या प्रश्नाचे उत्तर आज आपण शोधू.

ही नदी कुंडलिका. सह्याद्रीच्या कड्याखाली, भिऱ्याच्या बाजूला ती जन्म घेते. देवकुंडाचा धबधबा याच परिसरातला. तेथून पाटणूस, कोलाड अशी पश्चिमेकडे येत ती रोहे आणि अष्टमी यांच्या मधून जाते. डाव्या तीरावर रोहे, उजव्या तीरावर अष्टमी. नावे दोन, पण लोक एका दमात म्हणतात ‘रोहे-अष्टमी’. पुढे तिची खाडी होते. मुखाशी एका अंगाला रेवदंडा, दुसऱ्या अंगाला कोर्लईचा किल्ला, आणि समोर अरबी समुद्र.

आता त्या मुलाचा प्रश्न. पावसाळ्यात कुंडलिकेला पाणी येते ते तिच्या स्वतःच्या डोंगरांचे. उन्हाळ्यात येते ते मात्र पाहुणे पाणी. घाटमाथ्यावर मुळशी येथे टाटांनी मुळा नदीवर धरण बांधले आणि १९२७ साली भिऱ्याचे वीजकेंद्र सुरू झाले. तलावाचे पाणी बोगद्यातून आणि नळांतून सुमारे ५०० मीटर खाली आणतात, त्याच्या जोरावर चक्रे फिरवतात आणि मग ते कुंडलिकेत सोडतात.

जरा नकाशा उघडा. मुळा पुण्यात मुठेला मिळते. मुळा-मुठा भीमेला, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. जे पाणी पूर्वेच्या समुद्राला जायचे, ते माणसाने डोंगर फोडून पश्चिमेच्या समुद्राकडे वळवले. अशी उलटी वाट नकाशावर मुलांकडून बोटाने गिरवून घ्या. जलविभाजक म्हणजे काय, हे वेगळे शिकवावे लागणार नाही.

वीजकेंद्र चालते तेव्हा नदी चढते, थांबते तेव्हा उतरते. आकाश निरभ्र असूनही पाणी वाढते ते यामुळे. म्हणून वरच्या अंगाला पोहायला उतरणाऱ्याने पाणी सोडण्याची वेळ गावात विचारून घ्यावी.

खाली डोलवहाळ येथे बंधारा आहे. तेथून निघालेल्या कालव्यांनी रोहे-माणगाव भागात उन्हाळी भात पिकवला. एका पिकाच्या मुलखात दुसरे पीक आले, ही लहान गोष्ट नव्हे.

अष्टमीपाशी नदीला समुद्र भेटतो, कारण भरतीचे पाणी इथवर चढते. पूर्वी मचवे भरतीबरोबर वर येत आणि ओहोटीबरोबर खाली जात. शिवराज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ साली, इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन चौलहून याच पाण्याने अष्टमीला आला आणि पुढे निजामपूरवरून रायगडी गेला. मात्र हीच भरती पावसाळ्यात वैरीण ठरते. वरून घाटाचे पाणी लोटत असते, खालून उधाण त्याला अडवते, आणि पूर काठ सोडतो. म्हणून डोलवहाळला पाण्याची पातळी मोजतात, २३.९५ मीटर ही तेथली धोक्याची खूण. खाडीकाठच्या शेतकऱ्याला तर बारा महिने बांध आणि उघाडी सांभाळावी लागते. बांध फुटला, की खारे पाणी शेतात शिरते आणि भातजमीन काही वर्षे नापीक राहते.

श्रोते हो, या पाहुण्या पाण्याची किंमत कोणी दिली, तेही सांगितले पाहिजे. मुळशी खोऱ्यातल्या मावळ्यांची गावे आणि शेते तलावाखाली गेली. १९२१ साली त्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यांचे पुढारी होते. धरण थांबले नाही. आज हे पाणी पुन्हा भीमेच्या खोऱ्याला द्यावे, अशी मागणी घाटावर होत असते. ती मान्य झाली, तर कुंडलिकेचा उन्हाळा इतर कोकणी नद्यांसारखाच होईल. घाटावरची तहान खरी आणि खालचे शेतही खरे. निवाडा सोपा नाही.

पण एक गोष्ट आपल्या हातची आहे. रोह्याजवळ धाटावला रासायनिक कारखाने आले, गावांचे सांडपाणीही वाढले, आणि २०१८ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नद्यांच्या यादीत कुंडलिकेचे नाव लागले. ज्या पाण्यासाठी दुसऱ्यांची घरे बुडाली, ते आपण नासवावे हे शोभत नाही.

शिक्षकांना एवढीच विनंती. वर्ग एकदा नदीवर न्या. भरतीची आणि ओहोटीची खूण दगडावर करायला सांगा, पाण्याचा रंग वहीत टिपायला सांगा. दरमहा हे केले, तर वर्षअखेर गावाजवळ आपल्या नदीची स्वतःची नोंदवही असेल. नदीविषयी बोलायची वेळ आली, की ती वही कामी येईल.