औषधाच्या डब्यातील दोन गोळ्या

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सेवानिवृत्त परिचारिका भगिनींनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला कोणत्या विषयावर बोलणार, असे चिटणीसबाईंनी मला महिन्याभरापूर्वी विचारले. त्यांना वाटले असेल, बाळंतिणीचा आहार किंवा लहान मुलांची लसटोचणी असे काही मी सांगेन. मी म्हटले, "पुरुष मंडळी ताकदीसाठी ज्या गोळ्या घेतात, त्यांविषयी बोलावे म्हणते." चिटणीसबाई क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "बोला, पण जरा बेताने." तेव्हा आज मी बेतानेच बोलणार आहे, परंतु आडपडदा ठेवणार नाही. मागच्या रांगेतल्या मुलींनी हसू आले तर खुशाल हसावे. हसून झाल्यावर ऐकावे मात्र जरूर.

हा विषय पुरुषांचा, मग तो बायकांच्या सभेत कशाला, असे काही जणींच्या मनात येईल. त्याचे कारण सांगण्यासाठी माझ्याच घरची गोष्ट सांगते. यजमानांना विचारूनच सांगते आहे. ते म्हणाले, "सांग. नाव घेतले नाहीस तरी सगळ्यांना कळेलच."

माझे माहेर अकोल्याचे, सासर अमरावतीचे. पस्तीस वर्षे मी रुग्णसेवा केली. आमच्या यजमानांना हृदयाचा त्रास आहे. छातीत कळ आली तर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी आमच्या घरी देवघराशेजारच्या डब्यात कायम असते. सहा वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका रात्री त्यांना दरदरून घाम सुटला व छाती आवळल्यासारखी वाटू लागली. मी धावत जाऊन डबा आणला, पाकीट फाडले आणि गोळी त्यांच्या तोंडाशी नेली. तेवढ्यात त्यांनी माझे मनगट धरले व म्हणाले, "ती नको देऊ. मी संध्याकाळी दुसरी एक घेतली आहे."

ती दुसरी गोळी अकोल्याच्या एका स्नेह्याने कागदाच्या पुडीत बांधून दिली होती. डॉक्टरांची चिठ्ठी नव्हती की पाकिटावर नाव नव्हते. आम्ही तातडीने रुग्णालयात गेलो. ड्यूटीवरचे डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे होते. त्यांना ही गोष्ट सांगताना माझी जीभ अडखळली, पण मी सांगितली. ते म्हणाले, "मावशी, हे सांगितलेत म्हणून बरे झाले. नाहीतर मी आल्याबरोबर तेच औषध दिले असते." त्यांनी उपचाराची दिशा बदलली. यजमान आज बरे आहेत व ह्या घटकेला घरी नातवाचा अभ्यास घेत आहेत.

भगिनींनो, त्या रात्री त्यांनी लाजेने तोंड मिटून घेतले असते, तर माझ्या हाताने मी काय केले असते, हा विचार आजही माझी झोप उडवतो. जिभेखाली गोळी ठेवणारा हात बहुतेक घरांत बाईचा असतो. म्हणून हा विषय आपला आहे.

आता थोडे औषधाविषयी. समागमाच्या वेळी पुरुषाच्या इंद्रियास पुरेशी ताठरता न येणे ही एक सामान्य व्याधी आहे. वय वाढते तशी ती वाढते. तिच्यावरचे आजचे मुख्य औषध सिल्डेनाफिल. इंग्लंडात पूर्वी व्हायग्रा बनवणाऱ्या फायझर कंपनीचे शास्त्रज्ञ ते हृदयाच्या दुखण्यासाठी पारखत होते. हृदयाला त्याचा अपेक्षित गुण आला नाही, पण त्याचा हा दुसराच परिणाम ध्यानात आला. अमेरिकेत १९९८ च्या मार्चमध्ये त्यास परवानगी मिळाली. पुढे २००३ साली टाडालाफिल व व्हार्डेनाफिल ही त्याच जातीची औषधे आली. सिल्डेनाफिलचा अंमल चार-पाच तास राहतो, टाडालाफिलचा मात्र दीड दिवसापर्यंत. "काल सकाळी घेतली होती, आता तिचे काय?" असे म्हणून चालत नाही, ते एवढ्यासाठीच.

ही गोळी इच्छा उत्पन्न करीत नाही, मूल राहणे टाळत नाही आणि संसर्गापासून वाचवीत नाही. ती फक्त रक्तवाहिन्या सैल करून रक्ताचा ओघ वाढवते. हेच औषध फुप्फुसातील रक्तदाब वाढल्यास स्त्रियांना आणि क्वचित लहान बाळांनाही देतात. तेव्हा शेजारणीच्या चिठ्ठीवर सिल्डेनाफिल दिसले, तर लगेच भलते तर्क करू नयेत.

धोका नेमका कोठे आहे तो असा. सॉर्बिट्रेट व नायट्रोग्लिसरिन ही औषधे रक्तवाहिन्या सैल करणारा पदार्थ शरीरात वाढवतात. ताकदीची गोळी तो पदार्थ नाहीसा होऊ देत नाही. एकाने नळ पूर्ण सोडावा आणि दुसऱ्याने मोरीचे भोक बुजवावे, तसे होते. रक्तदाब एकाएकी इतका उतरतो की मनुष्य कोसळतो, आणि आधीच दुबळ्या असलेल्या हृदयास रक्त मिळेनासे होते. म्हणून सिल्डेनाफिलनंतर निदान २४ तास व टाडालाफिलनंतर निदान ४८ तास घरी नायट्रेट देऊ नये. नायट्रेट हे केवळ जिभेखालच्या गोळीतच असते असेही नाही. रोज गिळायची आयसोसॉर्बाइडची गोळी, तोंडात मारायचा फवारा, छातीवर चिकटवायची पट्टी, ही सर्व त्याच घरची. निकोरंडिल नावाच्या गोळीलाही हाच नियम. ही औषधे ज्यांना चालू आहेत त्यांनी ताकदीची गोळी घेऊच नये.

दुसरी जोडी प्रोस्टेटच्या औषधांची. लघवीला अडथळा होतो म्हणून वयस्क पुरुषांना टॅम्सुलोसिन किंवा तत्सम गोळी देतात. तिच्यासोबत ही घेतल्यास उठून उभे राहताना घेरी येऊन पडण्याचा संभव असतो. दोन्ही द्यायच्या झाल्या तर डॉक्टर थोड्या मात्रेपासून सुरुवात करतात. तिसरी जोडी आपल्या वऱ्हाडात फार दिसते. उन्हाळ्यात व पावसाळ्यात गजकर्ण होते आणि त्यावर इट्राकोनॅझोलच्या गोळ्या महिनाभर चालतात. त्या गोळ्या, तसेच क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन व एचआयव्हीवरील काही औषधे, ही ताकदीच्या गोळीला शरीरातून लवकर बाहेर पडू देत नाहीत. घेतलेली एक गोळी दोन-तीन गोळ्यांसारखी लागते. उलट क्षयावरील रिफॅम्पिसिन तिचा जोर घटवते. मग गुण येत नाही म्हणून मनुष्य आपल्या मनाने मात्रा वाढवतो, आणि क्षयाचे औषध संपल्यावर तीच मात्रा त्याला बाधते.

डोके दुखणे, चेहरा तापणे, नाक चोंदणे, आंबट ढेकरा, क्वचित सगळे निळसर दिसणे, टाडालाफिलने पाठ किंवा मांड्या दुखणे, हे त्रास बहुधा आपोआप थांबतात. परंतु चार गोष्टी घडल्यास वाट पाहू नये: छातीत दुखणे किंवा शुद्ध हरपणे, एका डोळ्याने एकाएकी दिसेनासे होणे, एकाएकी ऐकू न येणे, आणि चार तासांहून अधिक काळ ताठरता न उतरणे. ह्या शेवटच्या गोष्टीत लाजेने रात्र काढली तर कायमची इजा होते.

दारूविषयी बोलल्यावाचून राहवत नाही. २०२३ च्या मार्चमध्ये नागपूरच्या एका ४१ वर्षांच्या गृहस्थाची हकीकत वर्तमानपत्रांत आली होती. डॉक्टरांनी ती वैद्यकीय नियतकालिकातही नोंदवली आहे. त्याने मद्यासोबत ५० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या घेतल्या. सकाळी उलट्या झाल्या, जीव घाबरा झाला. डॉक्टरकडे जाऊ या, असे सोबतच्या बाईने म्हटले, तर "असे मला पूर्वीही झाले आहे" म्हणून त्याने ते टाळले. पुढे मेंदूतील रक्तस्रावाने त्याचा मृत्यू झाला. असा प्रकार विरळा, हे डॉक्टरांनीच सांगितले आहे, आणि तुम्हांला भेडसावण्यासाठी मी तो सांगत नाही. परंतु "पूर्वीही झाले आहे" हे वाक्य आपण प्रत्येकीने आपल्या घरी ऐकलेले आहे. ते ऐकून गप्प बसू नये.

आता चूर्ण, पाक आणि तेले. आपल्या अंजनगाव-सुर्जीकडे सफेद मुसळी पिकते, तिच्याशी माझे भांडण नाही. परंतु "शंभर टक्के वनस्पतीचे" म्हणून विकलेल्या ताकदीच्या पुड्यांत व कॅप्सुलांत सिल्डेनाफिल मिसळलेले अनेक देशांच्या तपासण्यांत पुष्कळदा आढळले आहे. जे चूर्ण तासाभरात चमत्कार दाखवते, त्याचा संशय धरावा. कामशक्ती वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करण्यास आपल्या देशात १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरी आगगाडीतून जाताना भिंतींवर काय वाचावे लागते ते तुम्ही जाणताच. खरी गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यासही मनाई आहे. आमच्या गल्लीतल्या एक आजी मला म्हणाल्या, "सिस्टर, पोराच्या भल्यासाठी म्या ते चूर्न गुपचूप भाजीत टाकलं व माय!" त्यांचा हेतू चांगला होता, पण मुलाला रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या. कोणाच्याही ताटात न सांगता औषध टाकू नये, ही साधी गोष्ट आहे.

आणखी एक मुद्दा. ही व्याधी अनेकदा मोठ्या दुखण्याची आगाऊ वर्दी असते. तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांहून अरुंद, म्हणून त्या आधी चोंदतात. काही वर्षांनी पाळी हृदयाची. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू आणि आपल्याकडचा तो खर्रा, ह्यांची खूण आधी इथे उमटते. जो मनुष्य चोरून गोळी आणतो, त्याची साखर, रक्तदाब आणि हृदय तपासण्याची संधी हुकते. डॉक्टरांकडे गेला असता तर कदाचित प्राण वाचवणारे दुसरेच निदान झाले असते. तसेच रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही ही तक्रार उद्भवते. तेव्हा यजमान मुकाट्याने त्या गोळ्या बंद करतात, आणि घरात कोणालाच कळत नाही. डॉक्टरांना सांगितले तर ते गोळी बदलून देऊ शकतात.

बोलायचे कसे, हा खरा प्रश्न आहे. र. धों. कर्वे ह्यांनी १९२७ साली "समाजस्वास्थ्य" मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवले. वाचकांच्या अशाच प्रश्नांना ते त्यातून सरळ उत्तरे देत. १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. त्या पिढीने कोर्टात उभे राहून जे सोसले, त्याच्या मानाने आपल्याला फक्त आपल्याच स्वयंपाकघरात चार वाक्ये बोलायची आहेत. ती टोमण्याने बोलू नयेत. "कशाला लागतात ही थेरं?" असे म्हटले की तो मनुष्य पुढच्या वेळी गोळी अधिक खोल लपवतो. माझ्या यजमानांनीही लपवली, कारण त्यांना माझी भीती वाटली. नर्स असलेल्या बायकोची! हा दोष मी माझ्याकडेही घेते.

शेवटी करावयाच्या गोष्टी सांगते. घरातील प्रत्येकाच्या सर्व औषधांची नावे एका कागदावर लिहून तो औषधाच्या डब्यात ठेवावा. चूर्णे आणि पाकही त्यात लिहावे. ज्या घरात सॉर्बिट्रेट आहे, त्या घरात एकदा शांतपणे सांगून ठेवावे: "तुम्ही काय घेता ते मी विचारणार नाही, पण छातीत दुखले तर मला खरे सांगा." गोळी घेतल्यावर छातीत दुखले तर सर्व थांबवावे, नायट्रेट देऊ नये, १०८ ला दूरध्वनी करावा आणि आलेल्या डॉक्टरांना गोळीचे नाव व वेळ सांगावी. त्यांनी विचारले नाही तरी सांगावी. आणि ज्याला गोळी हवी आहे, त्याला हृदय व रक्तदाब तपासून चिठ्ठी आणू द्यावी. योग्य माणसाला योग्य मात्रेत हे औषध बहुधा सुरक्षित असते. त्यात पाप नाही आणि हसण्यासारखेही काही नाही.

आमच्या डब्यातील त्या कागदावर आता यजमानांच्याच अक्षरात एक ओळ आहे: "ती गोळी बंद. विचारल्याशिवाय घेणार नाही." खाली त्यांची सही आहे. मी ती मागितली नव्हती.

 चहा झाल्यावर मी इथेच पायरीशी बसेन. कोणाला काही एकटीने विचारायचे असेल, तिने निःसंकोच यावे.