तिने विचारण्याआधी



 डॉक्टर, सिस्टर, टेक्निशियन यांची ही परिषद परळला भरते आहे, म्हणून तपासणीच्या वेळी बाईला वाटणाऱ्या संकोचाचा विषय इथूनच सुरू करते. इथून जवळच आर्थर रोडचं साथरोग रुग्णालय, म्हणजे आजचं कस्तुरबा. 1896 च्या ऑक्टोबरात, प्लेगच्या दिवसांत, गिरणी कामगारांच्या जमावाने त्याच्यावर हल्ला केला. पुढे 1897 चा साथरोग कायदा आला आणि रेल्वे फलाटांवर प्रवाशांच्या काखा-जांघांतल्या गाठी तपासणं सुरू झालं, बायकांच्यासुद्धा. 9 मार्च 1898 ला मदनपुऱ्यात दंगल पेटली ती एका विणकराच्या आजारी मुलीला पुरुषांनी तपासण्यावरून. हल्ला आणि दंगल करणाऱ्या या लोकांना अडाणी ठरवणारं पुष्कळ लिहिलं गेलं. मला ते पटत नाही. औषधाला त्यांचा विरोध असेल-नसेल, पण आपल्या बाईला कोण, कुठे आणि कोणासमोर हात लावणार, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. बायकांना बायकांनीच तपासावं म्हणून याच शहरात 1886 साली कामा रुग्णालय उघडलं होतं आणि डॉ. एडिथ पीची यांनी तिथे काम केलं होतं. म्हणजे उत्तर ठाऊक होतं, ते फलाटापर्यंत पोचलं नाही.

आज फलाटाच्या जागी व्हिसाची वैद्यकीय तपासणी आली आहे. लालबागच्या चाळीतली मुलगी लग्न करून टोरांटोला निघते, गिरगावातल्या आजी मुलाकडे मेलबर्नला कायमच्या राहायला जातात. त्या देशाने नेमलेल्या डॉक्टरकडे जायचं, उंची, वजन, रक्तदाब, रक्त, लघवी आणि क्षयासाठी छातीचा एक्स-रे. आजारी बाई न पटल्यास दुसऱ्या डॉक्टरकडे जाते. इथे आलेली बाई धडधाकट असते, पण उठून जाऊ शकत नाही, कारण तिचा सगळा संसार त्या कागदावर अडलेला असतो. म्हणून तिच्या 'हो'वर आपण विसंबू नये.

हे 'हो' किती पोकळ असू शकतं, ते 1979 च्या जानेवारीत दिसलं. लग्नासाठी लंडनला गेलेल्या एका भारतीय शिक्षिकेची हीथ्रो विमानतळावर कौमार्यचाचणी झाली. तिने स्त्री डॉक्टर मागितली होती, मिळाली नाही. संमतीच्या कागदावर तिची सही होती. परत पाठवतील या भीतीने केलेली. बातमी फुटल्यावर ही प्रथा बंद करावी लागली. अशा तपासण्या दिल्ली आणि आपल्या मुंबईतल्या ब्रिटिश कचेऱ्यांमार्फतही होत होत्या, हे मागाहून उघड झालं.

आज तसं होत नाही. कॅनडाचा व्हिसा-तपासणीचा नियम तर स्पष्ट आहे: जननेंद्रियांची आणि गुदद्वाराची तपासणी यात नाही, स्तन तपासावे लागले तर का आणि कसे, हे आधी सांगायचं, सोबत माणूस मागण्याचा आणि तपासणी मध्येच थांबवण्याचा तिला हक्क आहे. देशागणिक नियम बदलतात, पण आपल्याकडे येणाऱ्या किती जणींना ते कोणी वाचून दाखवतं?

मी एक्स-रेच्या खोलीबद्दल बोलते, कारण अवघडलेपण जास्त तिथेच आहे. 'वरचं सगळं काढा, गाऊन घाला' असं बाहेरूनच ओरडून सांगितलं जातं. गाऊनच्या नाड्या पाठीमागे, त्यातली एक तुटलेली. दाराला कडी नाही. साठीच्या बाई एका हाताने दार धरतात, दुसऱ्याने पाठ झाकतात आणि तशाच पुरुष टेक्निशियनसमोर येतात. यातलं बरंचसं अनावश्यक आहे. धातू, जर, बटणं नसलेला साधा सुती सदरा चालतो. फोनवर वेळ देतानाच तसं सांगावं. मंगळसूत्र मनगटाला गुंडाळता येतं, मनगट फोटोत येत नाही. वेणी का वर बांधायची, तेही सांगावं: खाली राहिली तर फुप्फुसाच्या टोकावर डागासारखी दिसते आणि फोटो पुन्हा काढावा लागतो. कारण कळलं की बाई संकोचत नाही, सहकार्य करते.

आणि पाळीची तारीख. ती विचारणं गरजेचंच आहे, कारण दिवस गेले असतील तर पोटावर शिशाचं आवरण ठेवायचं की बाळंतपण होईपर्यंत एक्स-रे लांबवायचा, हे ठरवायचं असतं. पण ती काउंटरवर, मागे सासरे उभे असताना, मोठ्याने का? नोकरीच्या अर्जात पाळीचे तपशील मागण्यावर सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली आयुर्विमा महामंडळाला सुनावलं होतं. आपल्याकडे प्रश्नाला वैद्यकीय कारण आहे, म्हणून तो बंद दाराआड विचारण्याची जबाबदारी जास्त.

जागा नाही, माणसं नाहीत, हे मी जाणते. दादरच्या जुन्या इमारतीतल्या दोन खोल्यांत दवाखाना चालवणं सोपं नाही. पण कडीला आणि पडद्याला जागा लागत नाही. सिस्टर नसतील तर मावशींना आत उभं करता येतं, आणि तसं त्या बाईला आपणहून सांगता येतं. तिने मागण्याची वाट पाहू नका. ती मागणार नाही.

दुपारच्या सत्रात मी ठराव मांडणार आहे: प्रत्येक तपासणी केंद्रात काय तपासलं जाईल, काय नाही आणि बाईला काय मागता येईल, याचा मराठी, हिंदी, उर्दू आणि गुजरातीतला फलक दर्शनी भागात लावावा, आणि स्त्रीच्या तपासणीच्या वेळी स्त्री मदतनीस हजर असावी. त्याला आपण सर्वांनी पाठिंबा द्यावा, आणि उद्या दवाखाना उघडताना आधी त्या दाराची कडी तपासावी, एवढी विनंती करते.